गटातील सहावा सदस्य

आपली मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पाच जणांच्या संशोधन प्रकल्पाचे सारे काम ती एकटीच ओढते आहे आणि उरलेल्या चौघांना आयते गुण मिळणार आहेत. तेव्हा तिला स्वतंत्र प्रकल्प द्यावा, असे पालक या नात्याने मार्गदर्शक प्राध्यापकांना लिहावे का, असे आपण विचारता. कृपया लिहू नये.

पत्रातील ज्या वाक्यापाशी मी थबकलो, ते त्या चौघांविषयीचे नाही. ‘पहिली दोन प्रकरणे मीच नीट करून दिली आणि गटाचे संदेश मी रोज तिच्या फोनवर वाचतो,’ असे आपण सहज लिहून गेला आहात. म्हणजे या गटात सहा सदस्य आहेत; सहाव्याचे नाव मुखपृष्ठावर येणार नाही, एवढेच. इतरांच्या आयत्या गुणांची तक्रार करणाऱ्या पत्रातच हे असावे, याचे नवल वाटले. मुलीला स्वतःला काय हवे आहे, हे मात्र तीन पानांत एकदाही आलेले नाही.

आता आपणच दिलेला एक तपशील पाहा. १२० प्रश्नावल्यांचा दोघांनी भरलेला तक्ता तिने रात्र जागून पुन्हा भरला, कारण वयाच्या रकान्यात एकाने वर्षे लिहिली होती आणि दुसऱ्याने जन्मतारीख. न दिलेले उत्तर एकाने कोरे सोडले होते, तर दुसऱ्याने तेथे शून्य घातले होते. हा आळस नव्हे. नोंदी कशा करायच्या, हे आधी कोणी ठरवलेच नव्हते. शिवाय तक्ता परत न पाठवता तिने तो परस्पर दुरुस्त केल्यामुळे आपले काय चुकले हे त्या दोघांना कळलेच नाही, आणि त्यानंतर त्यांनी अंग काढून घेतले. गटात खरे कामचुकारही असतात, हे मान्य. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत माणसे वाढली तसा दरमाणशी जोर घटत गेला होता. पण आपले काम वेगळे मोजले जाणार हे ठाऊक असले की ढिलाई कमी होते, असे पुढील प्रयोगांत आढळले. म्हणून प्रत्येक तक्त्यावर तो भरणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी.

‘संशोधनात एकट्याच्या कामालाच किंमत असते’ हा आपला समज तर साफ चुकीचा आहे. हिग्ज बोसॉन या मूलकणाचे वस्तुमान मोजणाऱ्या २०१५ सालच्या शोधनिबंधावर पाच हजारांहून अधिक लेखकांची नावे आहेत. आराखडा कोणी आखला, माहिती कोणी जमवली, विश्लेषण कोणी केले, हे अनेक नियतकालिके आता वेगवेगळे नोंदवून घेतात. मुलाखतीतही हेच विचारले जाते आणि तेथे ‘सगळे मीच केले’ हे उत्तर ऐकून समोरचा भारावत नाही, सावध होतो.

तिच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी काय घ्यावे, असेही आपण विचारले आहे; त्यासाठी अभ्यासक्रम आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका तूर्त पुरेत.

प्राध्यापकांकडे जायचे असेल तर तिने जावे, शक्यतो पाचही जणांनी मिळून, आणि कोणते काम कोणाकडे व कधीपर्यंत, हे लिहिलेले एक पान सोबत न्यावे. तिसरे प्रकरण आपल्याकडे तपासायला आले, तर ते न उघडता परत करावे.