लेन्स घ्यायच्या आधी एवढं कर
अरे, लगेच मोठी लेन्स नको घेऊस. आधी कॅमेऱ्यासोबत किटमध्ये आलेली 18-55 मिमीची लेन्स घेऊन दोन-तीन रविवार मंडई, तुळशीबागेत फिर आणि घरी येऊन प्रत्येक फोटोची फोकल लेंथ (लेन्स किती झूम केली होती तो मिमीतला आकडा) बघ, सगळे 18 वरच निघाले तर तुला वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी) हवीय, 55 ला अडकले तर टेली (लांबचं जवळ आणणारी). माणसांचे चेहरे आवडत असतील तर 50 मिमी एफ 1.8 (झूम नसलेली, जास्त उजेड आत घेणारी लेन्स) बिनधास्त घे, फक्त क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती साधारण 75-80 मिमीसारखी, म्हणजे जास्त झूम केल्यासारखी दिसते, म्हणून वाड्यातल्या छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. भिगवणच्या फ्लेमिंगोंना निदान 300 मिमीची लेन्स लागतेच, ती आधी भाड्याने आण. आणि पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नकोस रे, माझ्या लेन्सला बुरशीची जाळी धरली होती, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव.