टॉवेल सुटला आणि केस झाली

प्रश्न : अलिबागला बीचवर टॉवेल गुंडाळून ओली पँट बदलत होतो, वाऱ्याने टॉवेल सुटला, शेजारच्या फॅमिलीने कंप्लेंट केली की मी मुद्दाम केलं. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २९६, म्हणजे सार्वजनिक जागी अश्लील कृत्याचं कलम, लावलंय. ओळखीचे म्हणतात कबूल कर, दंड भर, मोकळा हो. एमपीएससीची तयारी चालू आहे, काय करू?

उत्तर : थांब रे बाबा, घाई नको. कबूल केलंस की तो नुसता दंड राहत नाही, ती शिक्षा होते, पुढे सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये कधी दोषी ठरलात का विचारतील तेव्हा हो लिहावं लागेल. आणि मॅजिस्ट्रेटपुढे एकदा कबूल केलं की अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर का एवढ्यावरच, मग 'मी केलंच नव्हतं' म्हणायला जागा नाही. कलमात ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि जामीनपात्र आहे.

कृत्य अश्लील होतं, सार्वजनिक जागी झालं आणि लोकांना त्रास झाला हे सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं. टॉवेल घसरणं आणि अंगप्रदर्शन यात फरक आहे, पण तो दाखवायला साक्षीदार लागतो. समोर शहाळेवाला वगैरे कोणी होता का? असेल तर त्याला आजच गाठ, आणि सीसीटीव्ही असेल तर वकिलाकडून लगेच मागवून घे, फुटेज फार दिवस ठेवत नाहीत. तारखांचा कंटाळा येईल हे खरंय, तरी मी तुझ्या जागी असतो तर 'गुन्हा कबूल नाही' असंच सांगितलं असतं. फक्त आधी चार्जशीटची कॉपी वकिलाला दाखव, कलम ७९ (स्त्रीच्या विनयाचा अपमान करायच्या हेतूने केलेलं कृत्य) पण लावलं असेल तर मामला जड होतो.