गाण्याला चित्राची गरज का पडते?

प्रश्न : माझी मुलगी आणि तिचे तीन सहकारी मराठी कवितांना चाली लावून गातात. त्यांचे पहिले गाणे ध्वनिमुद्रित झाले असून त्याचा व्हिडिओ करण्यासाठी चौघे आपली सगळी शिल्लक खर्च करायला निघाले आहेत. आमच्या पिढीने गाणी रेडिओवर ऐकली आणि ती आजही पाठ आहेत. गाणे चांगले असेल तर त्याला चित्राची गरज का पडावी?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या चालींसह वर्षभर, दर आठवड्याला, निव्वळ आवाजाच्या बळावर घराघरांत पोहोचली. मात्र त्या गीतांमागे एक नभोवाणी केंद्र उभे होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गाणे लागणार हे श्रोत्यांना माहीत असे आणि त्या वेळी ऐकण्यासारखे दुसरे फारसे काही उपलब्धही नसे. आपल्या कन्येच्या गाण्यासाठी अशी वेळ कोणी राखून ठेवलेली नाही, आणि श्रोत्यापर्यंत जाण्याची वाट तिला स्वतःच काढावी लागणार आहे. व्हिडिओ करण्यामागचे पहिले आणि सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आपल्या पिढीची सगळीच गाणी चित्राविना होती असेही म्हणता येणार नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात तिचे बोलपट तयार होऊ लागले. त्यांतली गाणी लोकांनी पडद्यावर पाहिली आणि मग गुणगुणली. रेडिओवर चित्रपटगीत लागले की अनेकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा चेहरा उभा राहतो, याचे कारण त्या चित्राचा खर्च निर्मात्याने आधीच केलेला असतो. भावगीताला आणि कवितेच्या गायनाला असा निर्माता कधी मिळाला नाही. चित्रपटाबाहेरच्या गायकाला म्हणूनच आपले चित्र स्वतः उभे करावे लागते, आणि मला वाटते की आपल्याकडे या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे.

पाश्चात्त्य देशांत कारणे थोडी वेगळी होती. बीटल्सनी १९६६ साली आपल्या गाण्यांच्या चित्रफिती केल्या, त्या बऱ्याच अंशी प्रत्येक दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्वतः हजर राहणे टळावे म्हणून. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाल्यावर व्हिडिओ हे गाण्याच्या विक्रीचे मुख्य साधन बनले : वाहिनीला कार्यक्रम मिळे आणि रेकॉर्ड कंपनीला जाहिरात. नव्वदच्या दशकात चॅनल व्ही आणि एमटीव्ही भारतात आल्यावर इंडिपॉपचे, म्हणजे चित्रपटाबाहेरच्या भारतीय पॉप संगीताचे, गायकही असेच घरोघरी ओळखीचे झाले.

आता व्हिडिओचा खर्च उचलणारी कंपनी बहुतेकांच्या पाठीशी नाही, आणि असंख्य लोक गाणी ‘ऐकतात’ ती यूट्यूबवरच. तेव्हा उत्पन्नाचा हिशेब चौघांनी आधीच मांडलेला बरा. लांब व्हिडिओंवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी यूट्यूबवर किमान १,००० सदस्य (सब्स्क्रायबर) लागतात आणि बारा महिन्यांत व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिले जावे लागतात. चार मिनिटांचे गाणे लोकांनी पूर्ण पाहिले असे धरले तरी हा आकडा गाठायला ते ६०,००० वेळा पाहिले जावे लागेल, आणि त्यानंतर पैसे मिळण्यास केवळ सुरुवात होईल. म्हणजे व्हिडिओ स्वतः पैसे मिळवून देईल ही आशा ठेवू नये. त्याचा खरा उपयोग पुढे आहे : गणेशोत्सव, महाविद्यालयीन संमेलन किंवा दिवाळी पहाट ठरवणारा आयोजक अनोळखी कलावंतांना बोलावण्यापूर्वी ते समोर बसून कसे गातात हे पाहू इच्छितो. चांगला व्हिडिओ त्याला ते दाखवतो.

यापलीकडे एक सांगीतिक कारणही आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. आपल्या संगीतात पाहणे हा ऐकण्याचाच भाग आहे. सवाई गंधर्व महोत्सवात मागे बसलेल्या रसिकांसाठी मोठे पडदे लावतात, कारण गायकाचा हात स्वराबरोबर कुठे वळतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तबलजी आणि गायक एकमेकांकडे कसे पाहतात, हे दिसले की गाणे अधिक उमगते. आपल्या कन्येच्या चमूने हेच टिपावे असे मी आग्रहाने सुचवीन. कवितेत पाऊस आला की पडद्यावर पाऊस आणि पाखरू आले की पाखरू, अशी चित्रे श्रोत्याच्या मनातली प्रतिमा पुसून टाकतात; कवितेच्या गाण्याचे याहून मोठे नुकसान नाही. एखाद्या घरातली शांत खोली, खिडकीचा उजेड आणि एक-दोन कॅमेरे एवढ्यावर चांगले काम होते. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण लावलेले असले तरी गायिकेने नुसते ओठ हलवू नयेत, मोकळ्या आवाजात गावे, म्हणजे गळ्याचा ताण आणि श्वास खरा दिसतो. हेही जमणार नसेल, तर पडद्यावर कवितेच्या ओळी दाखवणारा लिरिकल व्हिडिओ अगदी कमी खर्चात होतो, मात्र त्यातले शुद्धलेखन जाणकाराकडून तपासून घ्यावे. शिल्लक मर्यादित असेल तर पहिला पैसा ध्वनिमुद्रणाच्या मिश्रणावर (मिक्सिंगवर) जावा, कारण गढूळ आवाज कोणतेही चित्र सावरू शकत नाही.

परवानग्यांकडेही दुर्लक्ष नको. शनिवारवाडा हे केंद्र संरक्षित स्मारक असल्याने तिथे चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची अनुमती लागते. कवितेवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो; ध्वनिमुद्रणापूर्वी घेतली नसेल, तर कवीची किंवा वारसांची लेखी संमती प्रकाशनापूर्वी अवश्य घ्यावी. पुढे एखादी कंपनी गाणे मागायला आली, तर ध्वनिमुद्रण, चाल आणि व्हिडिओ यांचे हक्क करारात वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि मुदतही नमूद करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि करारात मुदत दिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.