इनसोलआधी एका पायावर टाच उचलून बघा

तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. चाळिशीनंतर एकटा डावा पाय सपाट होत गेलाय, घोट्याच्या आतल्या अंगाला सूज आहे, आणि ‘पोश्चर सुधारेल’ म्हणून एका सेंटरने गळ्यात मारलेले कडक इनसोल (बुटात तळव्याखाली ठेवायचे आधार) घातल्यापासून दुखणं वाढलंय. आता चार वर्षांच्या मुलालाही तसलेच घ्यावेत का, असंही विचारलंय. मुलाचं शेवटी सांगते. आधी तुमचं, कारण माझंही हेच झालं होतं, फक्त पाय उजवा. बर्फ, पोटरीचे ताण, वजन हे बाकीच्यांनी सांगितलंय, ते पुन्हा उगाळत नाही. मी डॉक्टर नाही, हे दुखणं भोगलेली बाई आहे. तेवढं धरून वाचा.

मला सगळ्यात महाग पडलं ते असलंच एक सेंटर. नाव लिहीत नाही. मशीनवर उभं केलं, पडद्यावर लाल-पिवळे डाग दाखवले. लाल म्हणजे धोका म्हणे. अहो, उभं राहिल्यावर भार टाचेवर आणि चवड्यावर येणारच, तिथे लाल नाही तर काय दिसणार? मग तो हाताचा खेळ, जो तुमच्याबरोबरही झालाय. हात बाजूला पसरायचा, माणूस वरून दाबतो, आपला तोल जातो. इनसोलवर उभं करून पुन्हा दाबतो, आणि आपण खांबासारखे उभे. घरी कोणाला तरी करायला सांगा आणि दाबणाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. दाब अंगापासून बाहेरच्या दिशेने दिला की तोल जातो, अंगाच्या दिशेने दिला की जात नाही. पायाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी हाच चमत्कार होतो.

एवढ्या सोहळ्यात मला कोणी एकदाही चवड्यावर उभं राहायला सांगितलं नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट लावून बघितलं नाही. एकच पाय का बदलला, हे विचारलंसुद्धा नाही. दोन्ही पायांना सारख्याच उंचीची कडक कमान दिली आणि मोकळे झाले. दुखतंय म्हणून परत गेले तर म्हणे ‘शरीर सवय करून घेतंय, दुखणारच’. पुन्हा गेले तेव्हा पावतीमागची बारीक अक्षरं पुढे केली: हे आरामासाठीचं उत्पादन आहे, उपचार नव्हे. विकताना उपचार, तक्रार केली की आराम! त्या सवयीची वाट बघण्यात टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचं, दुखणं वाढत गेलं आणि शेवटी घोटा जखडून ठेवणारा तो अवजड बूट नशिबी आला.

टेंडन कुठलं? तळव्याची कमान नुसत्या हाडांवर उभी नसते. खालून टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा प्लांटर फॅशिया नावाचा जाड पट्टा तिला बांधून ठेवतो. शिवाय पोटरीतून निघालेल्या टिबियालिस पोस्टेरिअर या स्नायूचं टेंडन घोट्याच्या आतल्या हाडामागून वळून येतं आणि कमान वर उचलून धरतं. ते टेंडन कमजोर झालं की मोठेपणी कमान बसते, आणि पुष्कळदा एकाच पायाची. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत कळ येणं हे बहुतेक वेळा फॅशियाचं दुखणं. ते वेगळं, त्याची चिकित्साही वेगळी.

म्हणून आधी हे करा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा आणि टाच उचला. मागून कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. चांगल्या पायाची टाच वर जाताना आत वळते, कमान उठून दिसते. टाच बाहेरच कललेली राहिली किंवा उचलताच आली नाही, तर पाय-घोट्याचं काम करणाऱ्या ऑर्थोकडे जा. नुसतं उभं असताना मागून बघितलं तर त्या पायाची करंगळीकडची बोटं दुसऱ्यापेक्षा जास्त दिसणं, हीही खूण. टाच उचलताना कळ आली तर तिथेच थांबा, पुन्हा पुन्हा करून बघू नका.

आता, आधाराचा उपयोग आहे का? आहेच, माझ्या बुटात आजही आहे. बसल्यावर कमान दिसते आणि उभं राहिल्यावर जाते, म्हणजे पाय अजून लवचीक आहे. तिथे आधार टेंडनवरचा भार हलका करतो, आणि तेवढ्या अवकाशात फिजिओकडून व्यायाम शिकून त्याला बळ आणायचं असतं. व्यायामाशिवाय नुसता आधार मला तरी अर्धवट वाटतो. पाय ताठर झाला असेल तर कमान खालून ढकलून वर येत नाही, फक्त टोचते. त्याला पायाच्या आकाराशी जुळवून घेणारा मऊ आधार लागतो.

पोश्चरच्या गप्पांवर माझा फारसा विश्वास नाही. पाय आत कलला की नडगीचं हाड थोडं आत फिरतं, गुडघ्यावर ताण येऊ शकतो, इथपर्यंत ठीक. पण इनसोलने कंबरदुखी टाळता येते का, हे तपासणाऱ्या 2007 सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) तसा फायदा दिसला नव्हता. आणि मापाने बनवलेलेच हवेत असंही नाही. टाचदुखीच्या रुग्णांवर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभराने तयार आणि मापाचे यांत फरक उरला नाही. हे टाचदुखीचं झालं, टेंडनचं गणित वेगळं असू शकतं.

नवे इनसोल टाकताना बुटातले जुने आधी काढा, नाहीतर टाच बुटातून वर येते. सुरुवातीला तासभरच घाला, मग हळूहळू वाढवा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच घालू नका, टोचलेलं कळत नाही.

मुलाचं: लहान मुलांच्या तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांधेही सैल असतात, त्यामुळे बहुतेकांचे पाय सपाटच दिसतात. सात-आठ वर्षांपर्यंत कमान आपसूक दिसायला लागते. त्याला चवड्यावर उभं करा. कमान उमटली आणि तो न दुखता पळतोय, तर पैसे खर्चू नका. पाय ताठर वाटला, दुखत असेल किंवा एकाच बाजूचा असेल, तर मात्र मुलांच्या ऑर्थोला दाखवा.