जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्याचा रोजचा दिवस कसा असतो? अभ्यास, काम आणि स्वयंपाक एकट्याला झेपतं का?

झेपतं. मी ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात (टीयू) मास्टर्स केलं, त्यामुळे तिथलंच सांगतो. सगळ्यात जास्त सांभाळावा लागतो तो मोकळा वेळ.

दिवसाला दोन-तीन लेक्चर, प्रत्येक दीड तासाचं. बहुतेक विषयांना हजेरी नाही. ऑक्टोबरच्या मध्यात वर्ग सुरू होतात, फेब्रुवारीत परीक्षा, आणि बऱ्याच विषयांचे सगळे मार्क त्या एका पेपरवर. मधले महिने तुम्ही काय करता हे कुणी विचारत नाही. 'पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की बसू' ही आपली इंजिनिअरिंगची सवय तिथे फार महागात पडते, कारण पीएल नसतेच. वर्ग संपले की लगेच पेपर. एक पेपर बहुतेक ठिकाणी तीनदाच देता येतो. तिसऱ्यांदाही नापास झालात तर सगळा मास्टर्सचा कोर्सच सोडावा लागतो. म्हणून त्या आठवड्याचं त्या आठवड्यात वाचायचं, हे पहिल्या दिवसापासून धरा. लेक्चर संपलं की सगळा वर्ग बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करतो, तिथल्या टाळ्या त्या. मला ती पद्धत अजून आवडते.

दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत जेवायचं. विद्यार्थ्याला तीन-चार युरोंत ताट मिळतं, शाकाहारी पदार्थही असतो. घरी फोन करायचा असेल तर हीच वेळ साधा: हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. संध्याकाळवर ढकललं की घरचे झोपलेले असतात.

पैशांचं म्हणाल तर, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात आणि त्यातले महिन्याला 992 हातात येतात. हॉस्टेलची खोली मिळाली तर त्यात काटकसरीने भागतं. हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाचं पत्र येताच करा, रांग मोठी असते. काम शोधायचं तर आधी प्राध्यापकांच्या विभागात 'हिवी' म्हणजे विद्यार्थी-सहायकाची जागा बघा. बाहेरच्या कामाला वर्षात 140 पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, हिवीचे दिवस त्यात धरत नाहीत. शिवाय काम तुमच्याच विषयातलं.

स्वयंपाक रात्रीचा. सामायिक स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की मजलाभर ठसका लागतो, म्हणून खिडकी आधी उघडायची आणि दार लावून घ्यायचं. छतावर धुराचा अलार्म असतो. कणीक, पोहे, तूरडाळ भारतीय दुकानात मिळतात. दही कुठल्याही सुपरमार्केटमधलं चांगलं लागतं.

रविवारी दुकानं बंद. त्यामुळे शनिवारी पिशवीभर रिकाम्या बाटल्या घेऊन सुपरमार्केट गाठायचं. दाराजवळच्या मशीनच्या गोल तोंडात एकेक बाटली आडवी सरकवायची. ती आत फिरते, चुरडल्याचा आवाज येतो आणि पडद्यावर 25 सेंट चढतात; बाटली विकत घेताना भरलेली अनामत ती. शेवटी चिठ्ठी निघते, ती बिलात वळती होते. महिनाअखेरीला तेवढ्यात दूध-पाव येतो.

डिसेंबरची मात्र तयारी ठेवा. सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी चारला सूर्य मावळतो. आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे थंडीपेक्षा जड जातं. खोलीत पडून राहू नका. अभ्यासाला लायब्ररीत जा, विद्यापीठाचे खेळांचे वर्ग स्वस्त असतात, त्यातला एखादा धरा. जेवायला तरी चार जणांत बसा.

आणि जर्मन इथूनच शिकून जा. कोर्स इंग्रजीत असला तरी पत्ता नोंदवायचं ऑफिस, विम्याची पत्रं, घरमालकाची नोटीस हे सगळं जर्मनमध्ये येतं. पुण्यात असाल तर मॅक्सम्युलर भवनात ए-2 या पातळीपर्यंत करून घ्या. तिथे गेल्यावर पहिल्या सेमिस्टरला भाषेसाठी वेळ काढणं फार अवघड जातं.