टवके बुजवा, अख्खं बॉनेट कशाला?

तुमचं पत्र थोडक्यात असं : गाडी पाच वर्षांची. खडे लागून बॉनेटवर आणि बंपरवर दहा-बारा टवके उडालेत, चाकावरच्या कमानीत एका जागी रंग फुगलाय. दोन वर्षांनी गाडी विकायची आहे. गॅरेजवाला अख्खं बॉनेट रंगवा म्हणतोय, तुम्हाला घरीच टच-अप करावंसं वाटतंय, आणि विम्यातून काही निघेल का, हेही विचारलंय.

विम्याचा नाद सोडा. क्लेममधून डिडक्टिबल, म्हणजे आपणच सोसायची ठरलेली रक्कम, वजा होणार आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) असेल तर त्यालाही कात्री लागणार. शिवाय हळूहळू साचलेले टवके म्हणजे झीज, असं कंपनी सुनावू शकते.

बॉनेट रंगवायला मात्र मी ठाम नाही म्हणेन. कारखान्यातला रंग साधारण 140 अंशांवर भाजलेला असतो, गॅरेजमधला 60च्या आसपास; त्याला मूळ रंगाची सर येत नाही. त्या मूळ रंगाचे सगळे थर मिळून बहुधा 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात. जाणकार गिऱ्हाईक जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतं; वर चढवलेल्या रंगामुळे आकडा दुप्पट दिसला की पहिला प्रश्न, ‘गाडी ठोकली होती का?’ पैसे आपले, संशयही आपल्यावरच. त्यापेक्षा बुजवलेले ठिपके दिसले तर दिसू देत.

तेव्हा घरीच करा. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असतो, त्यावरूनच बाटली घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने घेतलेली वाया जाते. पत्रा उघडा पडलाय तिथेच प्राइमर (रंगाखालचं अस्तर), मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. प्रत्येक हात नीट वाळू द्या. मेटॅलिक रंग तंतोतंत जुळणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. खरी जोखीम घासण्यात आहे. मूळ क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. पॉलिश पेपर जोरात चालवलात की तो गेलाच, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं होईल. पॉलिश करायचं मशीन तर विकत घेऊच नका.

फुगलेल्या जागेला मात्र हात लावू नका. तिथे आत गंज धरलाय, वरून रंग फासून तो थांबत नाही. काही कंपन्या पत्रा आतून गंजून भोक पडण्यावर वेगळी, लांब मुदतीची वॉरंटी देतात. आधी कागद काढून बघा, सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉरंटीत बसत नसेल, तर गॅरेजचा खर्च तेवढ्या जागेपुरता आणि लगेच करा.

बंपर प्लॅस्टिकचा असेल तर गंजणार नाही. त्यावर सध्या काहीच खर्च नको.