ढालीशेजारचा केसाळ माणूस

प्रश्न : डेन्मार्कच्या राजचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना सोटे घेतलेले उघडे पुरुष उभे आहेत. ते पराभूत शत्रू आहेत का?

उत्तर : नाही, ते राखणदार आहेत. मध्ययुगीन युरोपच्या कल्पनेतला हा रानमाणूस : अंगभर केस, कमरेला पानांचा वेढा, हातात सोटा. 1449 मध्ये डेन्मार्कचा राजा पहिला क्रिस्तियान याच्या राजमुद्रेवर तो आला आणि आजही तिथेच आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजांनीही आपल्या ढालीशेजारी असेच दोघे उभे केले. ज्याच्या दाराशी जंगलाचं बळ पहारा देतं, त्याच्या वाटेला कोण जाणार?

मला मात्र अर्धमानवी आकृत्या जास्त ओढून घेतात, कारण त्या बदलत राहतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराच्या चिन्हातल्या गरुडाला आधी मुकुटधारी राजाचं डोकं होतं. पुढे चित्रकारांच्या हातून ते बाईचं झालं, छातीसकट! पोलंडच्या वॉर्सा शहराच्या चिन्हातली तलवारधारी जलपरी तर जुन्या मुद्रांवर पक्ष्याच्या पायांची, खवलेदार अंगाची होती. माशाची शेपटी नंतरची. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याच्या ढालीवर माणूस आहे तो सापाच्या जबड्यात, कमरेपर्यंत गिळलेला. जुनी चित्रं मिळाली तर त्याचे पसरलेले हात जरूर बघा.